आई-बाबांना घेऊन पाच दिवसांत लंडन कसं पाहावं?

तुमचा प्रश्न आणि सोबतची २३ ठिकाणांची यादी, दोन्ही नीट वाचलं. सप्टेंबरच्या मध्यावर पाच पूर्ण दिवस, बरोबर ७१ वर्षांचे नाटकवेडे बाबा, गुडघ्यांनी बेजार झालेली आई, तुम्ही नवरा-बायको आणि ९ वर्षांची लेक. सांगलीहून सगळे मिळून पहिल्यांदाच परदेशी निघालाय आणि 'एकही ठिकाण सुटता कामा नये' असं लिहिलंय. मी १९ वर्षं मराठी मंडळींचे गट घेऊन लंडनला जाते. तेव्हा पहिलं सांगणं हेच, की निम्मी यादी आजच खोडून टाका. दिवसाला शहराचा एकच भाग धरा, तो बसने आणि पायी पाहा आणि आई दमायच्या आत मुक्कामी परत या.

सुरुवातीला मी असं करत नव्हते. माझ्या तिसऱ्या सहलीत एका दिवसात ११ ठिकाणं बसवली होती आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. सातव्या ठिकाणी गाडी थांबली, तेव्हा गटातल्या एक निवृत्त शिक्षिका जागेवरून उठल्याच नाहीत. "तुम्ही जाऊन या गं, आल्यावर सांग मला काय होतं ते," म्हणाल्या. पेन्शनमधून कितीतरी वर्षं पैसे बाजूला टाकून त्या आल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कार्यक्रमातली चार ठिकाणं काढली आणि दुपारी सगळ्यांना सेंट जेम्स पार्कात तळ्याकाठी नेऊन बसवलं. तिथे पेलिकन पक्षी आहेत, १६६४ साली रशियाच्या वकिलाने राजाला भेट दिले तेव्हापासून त्या तळ्यावर पेलिकन आहेतच. अडीचच्या सुमाराला त्यांना मासे घालतात. बाई तासभर ते बघत बसल्या, आणि निघताना स्वतःहून म्हणाल्या, "आता पुढचं दाखव."

यादी का खोडायची, ते लंडनची घडण समजली की पटेल. हे एक शहर नाही. मूळ लंडन म्हणजे नदीकाठचा जेमतेम एक चौरस मैलाचा तुकडा, त्याला आजही नुसतं 'सिटी' म्हणतात. राजवाडा, संसद, ॲबी नावाचं जुनं चर्च हे सगळं वेस्टमिन्स्टर नावाच्या दुसऱ्या शहरात. ग्रिनिच, हॅम्पस्टेड, कॅम्डन ही आजूबाजूची गावं वाढत वाढत एकमेकांना चिकटली. त्यामुळे सकाळी टॉवर (टॉवर ऑफ लंडन हा जुना किल्ला), दुपारी केन्सिंग्टन आणि संध्याकाळी ग्रिनिच असं बसवलं, की दिवसाचे चार तास जमिनीखाली जातात. भुयारी रेल्वेचा प्रसिद्ध नकाशाही फसवतो. १९३३ साली आलेला तो नकाशा मुळात रेषा सरळ दिसाव्यात म्हणून काढलेला आहे, अंतर दाखवायला नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं नकाशात लांब वाटतात, प्रत्यक्षात मधे पाव किलोमीटर आहे. वर कॉव्हेंट गार्डनला लिफ्टची गर्दी चुकवायला म्हणून कोणी जिन्याकडे वळलं, तर १९३ पायऱ्या. आईंना हे आधीच सांगून ठेवा.

म्हणून आईंसाठी बस. लंडनच्या सगळ्या बस खालच्या तळाच्या आहेत, चढायला पायरी नाही. बाबांना आणि लेकीला वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेशी बसवा. १५ नंबरची बस टॉवरकडून सेंट पॉल्स चर्चच्या घुमटाजवळून फ्लीट स्ट्रीटने ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या दिशेने येते. पर्यटकांच्या महागड्या उघड्या बसमधून जे दिसतं त्यातलं बरंचसं यातून दिसतं. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत. पहिल्यांदा कार्ड लावल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच पडतं.

कार्डाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पैसे इथेच जातात. ऑयस्टर हे प्रवासाचं कार्ड घ्या किंवा तुमचं कॉन्टॅक्टलेस कार्ड वापरा, पण माणशी एक कार्ड हवं. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. दिवसभर कितीही फिरलात तरी एका रकमेनंतर भाडं कापणं थांबतं, मात्र त्यासाठी दर वेळी तीच वस्तू लावली पाहिजे. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच खात्याला जोडलेला फोन लावला, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी. आत शिरताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन लावला तर दोन अर्धवट प्रवास धरून दोन्हींवर जास्तीत जास्त भाडं पडतं. माझ्या प्रत्येक गटात एकाचं तरी असं होतंच. रेल्वेत चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा कार्ड लावायचं, बसमध्ये फक्त चढताना. लेकीसाठी काहीच घेऊ नका. ११ वर्षांखालची मुलं बसमध्ये फुकट, आणि मोठ्यांबरोबर असली तर भुयारी रेल्वेतही फुकट.

विमानतळावरून एलिझाबेथ लाइन ही रेल्वे घ्या. पिकाडिली लाइन स्वस्त आहे, पण एलिझाबेथ लाइनच्या प्रत्येक स्टेशनात रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट आहे आणि पॅडिंग्टनला अर्ध्या तासात पोचवते. मोठ्या बॅगा आणि दुखरे गुडघे असताना तिथे चार पैसे वाचवण्यात अर्थ नाही. मुक्कामही पॅडिंग्टनच्या आसपासच पाहा, आणि खोली ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: लिफ्ट आहे का? त्या भागातली बरीच हॉटेलं म्हणजे जुनी उभट घरं आहेत, अरुंद जिन्याची. आम्ही एकदा एका हॉटेलात चौथ्या मजल्यापर्यंत १८ बॅगा हाताने चढवल्या आहेत.

पहिल्या दोन दिवशी तुम्हाला सगळ्यांना पहाटे चार-साडेचारला जाग येईल. आपल्या घड्याळात तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. लोक गोळ्या घेऊन झोपायचा प्रयत्न करतात. तसं करू नका, त्या पहाटेचं सोनं करा. चहा घेऊन साडेसहाला बाहेर पडा आणि सातला वेस्टमिन्स्टर पुलावर उभे राहा. संसदेची इमारत, घड्याळाचा मनोरा (बिग बेन हे आतल्या घंटेचं नाव, मनोऱ्याचं नाव २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर), खाली भरती-ओहोटीने चढणारी-उतरणारी नदी, आणि पुलावर कामाला निघालेले लोक. दहा वाजता याच पुलावर पाय ठेवायला जागा नसते. तिथून पार्लमेंट स्क्वेअर समोरच आहे, २०१५ साली बसवलेला गांधीजींचा पुतळा तिथे पाहा. मग बागेतून रमतगमत ११ वाजता हॉर्स गार्ड्सच्या मैदानावर या. तिथे घोडेस्वार पहारेकऱ्यांची बदली रोज होते, फक्त रविवारी दहाला. बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा सोहळा मोठा असतो हे खरं, पण तो रोज नसतो, आणि पुढे उभं राहायचं तर दीड-दोन तास आधी जाऊन कठड्याला टेकावं लागतं. आईंच्या गुडघ्यांना ते झेपायचं नाही. हॉर्स गार्ड्सला घोडे दहा हातांवरून जातात आणि लेकीला त्यांच्या नाकातली वाफसुद्धा दिसेल. दुपारी दोनला मुक्कामी परत, आणि सगळ्यांनी झोपायचं.

दुसरा दिवस नदीचा. टॉवर ऑफ लंडनचं तिकीट आधीच काढा, दार उघडतं त्या वेळेचं. मंगळवार ते शनिवार टॉवर नऊला उघडतो. आत शिरल्यावर कशाकडेही न बघता थेट जवाहिरखान्यात जा. अकराला तिथे रांग बाहेर अंगणात येते, नऊ-सव्वानऊला तुम्ही मुकुटांसमोर एकटे असता. तिथे सरकता पट्टा आहे, उभं राहिलं की तो तुम्हाला पुढे नेतो. घाईत संपलं असं वाटलं तर मागे येऊन पुन्हा उभे राहा. कोहिनूर राणीमातेच्या (दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईच्या) १९३७ सालच्या मुकुटात जडवलेला आहे. १८४९ साली पंजाब खालसा झाल्यावर दहा वर्षांच्या महाराजा दुलीपसिंगाकडून तो घेतला, म्हणजे तुमच्या लेकीच्या वयाच्या मुलाकडून. हे तिला पट्ट्यावर उभं राहायच्या आधी सांगा, आत फोटो काढू देत नाहीत आणि बोलायलाही निवांतपणा नसतो. नंतर लाल काठाच्या गडद निळ्या पोशाखातल्या रखवालदारांची फेरी धरा, ती तिकिटातच असते. मधल्या पांढऱ्या बुरुजात जिनेच जिने आहेत. तिथे बाबांनी जावं, आईंनी बाहेर कावळ्यांजवळच्या बाकावर बसावं.

टॉवरच्या दारातच नदीवरच्या बोटीचा धक्का आहे. तुमचं नेहमीचंच कार्ड लावून बोटीने ग्रिनिचला जा. पर्यटकांच्या वेगळ्या सफरीचे पैसे भरायची गरज नाही, ही शहराची रोजची बोट आहे आणि मागचा डेक उघडा असतो. ग्रिनिचला वेधशाळा टेकडीवर आहे आणि चढ चांगलाच उभा आहे. आईंना खाली नदीकाठी जुन्या नौदल महाविद्यालयाच्या आवारात बसवा, ते आवार फुकट आणि फार सुंदर आहे. लेकीला मात्र वर न्या. शून्य रेखांशावर एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून फोटो सगळेच काढतात. तुम्ही तिला तिथे एक कोडं घाला. भारताची वेळ ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढे, असं शाळेत शिकवतात. मग आत्ता हातातल्या फोनवर फरक साडेचारच तासांचा का दिसतोय? उन्हाळ्यात इंग्लंडची घड्याळं एक तास पुढे ढकलतात, त्यामुळे सप्टेंबरात खुद्द ग्रिनिच गावही ग्रिनिचच्या वेळेवर चालत नाही. माझ्या गटातल्या मुलांना मूळ रेषेपेक्षा हेच जास्त आवडतं. परत येताना डीएलआर ही हलकी रेल्वे घ्या. या गाडीला पुढे ड्रायव्हरची केबिन नाही, पहिल्या बाकावर लेक बसली तर गाडी तीच चालवतेय असं तिला वाटेल.

संग्रहालयांचा दिवस शुक्रवारी धरा. ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी साडेआठपर्यंत उघडं असतं, आणि पाचनंतर गर्दी ओसरते. प्रवेश फुकट आहे, म्हणून 'सगळं बघून घेऊ' असं करू नका. फुकट असल्याचा खरा फायदा हा, की दोन तासांत बाहेर पडलात तरी जिवाला रुखरुख लागत नाही. मी गटाला तीनच गोष्टी दाखवते: रोझेटा शिला, इजिप्तच्या ममी आणि अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं. तिसरी गोष्ट बहुतेक भारतीय न बघताच परततात. आंध्रातला तो फिकट चुनखडी दगड, त्यावरची माणसांची दाटी, वळणारे हत्ती, आणि सुरुवातीच्या पटांवर बुद्धाची मूर्ती नाही, नुसती पावलं आणि रिकामं आसन. तिथे बाक असतात, आईंना तिथे अर्धा तास द्या. बाहेर मधल्या मोठ्या चौकात गोल इमारत दिसते ती जुनी वाचनशाळा, १८५७ सालची. बाबासाहेब आंबेडकर लंडनला शिकत असताना या वाचनशाळेत बसत. तिचं नाव लक्षात ठेवा, शेवटच्या दिवशी लागेल.

त्याच दिवशी सकाळी केन्सिंग्टनला नॅचरल हिस्ट्री म्युझियम लेकीसाठी, त्यातला २५ मीटरचा निळ्या देवमाशाचा सांगाडा छताला टांगलेला आहे. रस्त्यापलीकडे व्ही अँड ए, म्हणजे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. मराठी माणूस तिथे पहिल्यांदा वाघनखं कुठे आहेत ते विचारतो. ती २०२४ च्या जुलैमध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणली, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात. तेव्हा जाण्याआधी ती सध्या कुठे आहेत ते पाहून घ्या. ती महाराजांचीच का, याची खात्री देता येत नाही असं संग्रहालय स्वतः सांगतं, हेही बाबांना आधीच सांगा. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ मात्र तिथे आहे. गोऱ्या शिपायावर झडप घातलेला, पोटात वाद्य बसवलेला.

बाबा सांगलीचे आणि नाटकवेडे, मग एक संध्याकाळ नाटकाला दिलीच पाहिजे. मी ग्लोबला न्या म्हणेन. शेक्सपिअरच्या काळातल्या रंगमंदिरासारखं, लाकूड, चुना आणि गवताच्या छपराचं हे नाट्यगृह १९९७ साली उघडलं. मधलं अंगण उघडं आहे आणि तिथे सुमारे ७०० प्रेक्षक उभे राहून नाटक बघतात. उभ्याची तिकिटं अगदी स्वस्त असतात. तुम्ही अंगणात उभे राहा, रंगमंचाला कोपर टेकता येईल इतक्या जवळ. आई-बाबांना गॅलरीत बसवा आणि गादी भाड्याने घ्या, बाकं कडक लाकडी आहेत. अंगणात छत्री उघडू देत नाहीत, पाऊस आला तर रेनकोट. भाषेची काळजी करू नका. गोष्ट आदल्या दिवशी मराठीत सांगून ठेवा, मग बाबांना एक शब्द कळला नाही तरी प्रवेश कुठला चाललाय ते कळेल.

बाकीचं भराभर सांगते. विंडसर, ऑक्सफर्ड, स्टोनहेंज तिन्ही काढा, पाच दिवसांत त्यांना जागा नाही. मेणाचे पुतळेही काढा. उंचावरून शहर बघायला लंडन आय या मोठ्या पाळण्याचे पैसे देण्याऐवजी स्काय गार्डनची, म्हणजे एका उंच इमारतीच्या माथ्यावरच्या बागेची, फुकट वेळ आधी नोंदवा. वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स दोन्हींची तिकिटं महाग आहेत, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला बसायला पैसे लागत नाहीत. तिथे फोन बंद ठेवून भक्तिभावाने बसायचं, आपल्या देवळात परक्याने बसावं असं आपल्याला वाटतं तसं. नळाचं पाणी निःशंक प्या, उपाहारगृहात मागितलं तर फुकट देतात. बिलात सेवाशुल्क बहुतेक वेळा आधीच धरलेलं असतं, तसं असेल तर वर पुन्हा टीप ठेवू नका. पेढे, बर्फी, खव्याचं काही बॅगेत नेऊ नका, दुधाचे पदार्थ आणायला तिथे मनाई आहे. दशम्या, चटण्या, चिवडा चालेल. युस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर शाकाहारी जेवण मिळतं. खरेदीवरचा कर परदेशी पाहुण्यांना परत मिळणं २०२१ पासून बंद झालंय. स्वच्छतागृह संग्रहालयात आणि मोठ्या रेल्वे स्टेशनांत फुकट असतं, दिसलं की आई-बाबांना विचारायचंच. रस्त्याच्या कडेला उभं राहून नकाशा बघू नका, सायकलवरून येऊन फोन हिसकावतात. दुकानाच्या भिंतीला पाठ लावा, मग फोन काढा.

आता शेवटचा दिवस. हा कुठल्याच पुस्तिकेत सापडणार नाही, आणि मला स्वतःला सगळ्यात प्रिय आहे. पॅडिंग्टनहून चालत किंवा वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनवरून हाउली प्लेस नावाच्या शांत गल्लीत जा. १० नंबरच्या घरावर गोल निळी पाटी आहे: लोकमान्य टिळक, भारतीय देशभक्त आणि तत्त्वज्ञ, इथे १९१८-१९१९ मध्ये राहत होते. ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवर भरलेला अब्रुनुकसानीचा दावा लढवायला ते लंडनला आले होते. दावा हरले, कर्ज झालं, पण त्याच मुक्कामात त्यांनी स्वराज्याचा प्रश्न इथल्या मजूर पक्षाच्या लोकांपर्यंत नेला. घर आज खाजगी आहे. समोरच्या पदपथावर उभं राहायचं, घंटा वाजवायची नाही.

गल्लीतून दोन-तीन मिनिटांवर लिटल व्हेनिस, कालव्यांचा संगम. लांब अरुंद रंगीत बोटी, त्यांच्या टपावर फुलांच्या कुंड्या आणि लाकडाच्या मोळ्या. इथून हंगामात कालव्यातून कॅम्डनपर्यंत प्रवासी बोट जाते, आईंना एक पाऊलही टाकावं लागत नाही. बोट भुयारातून जाते, मग रीजंट्स पार्कच्या कडेने, प्राणिसंग्रहालयाच्या मधून. बाबांना चालायची हौस असेल तर त्यांनी आणि तुम्ही काठच्या वाटेने जा, भुयारापाशी तेवढं वरच्या रस्त्याने जावं लागतं. वाटेत मॅकल्सफिल्ड पूल लागेल. पूर्वी घोडे काठावरून चालत बोटी ओढत, आणि ओले दोर घासून घासून पुलाच्या लोखंडी खांबांवर हाताचं बोट जाईल एवढ्या खाचा पडल्या. १८७४ साली पुलाखाली दारूगोळ्याची बोट उडाली, पूल कोसळला. तेच खांब पुन्हा उभे करताना फिरवून बसवले, त्यामुळे दोरांच्या खाचा आता दोन्ही अंगांना आहेत. लेकीला त्या खाचेत हाताचं बोट फिरवू द्या.

कॅम्डनहून बसने चॉक फार्म, आणि रेल्वेवरचा पादचारी पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड. १० नंबरच्या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ साली घेतलं आणि स्मारक केलं. प्रवेश फुकट आहे, उघडण्याच्या वेळा मात्र आदल्या दिवशी तपासा. मी इथे कितीतरी वेळा आले आहे. एकदा आमच्या गटातल्या नागपूरच्या एका मावशींनी दारात चपला काढल्या, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि मगच आत गेल्या. नंतर जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत हळूहळू वर चढल्या. काही बोलल्या नाहीत, आम्हीही कोणी बोललो नाही. इथे बाबांना ब्रिटिश म्युझियममधल्या त्या गोल वाचनशाळेची आठवण करून द्या. इथून तिथपर्यंतचं अंतर त्यांना नकाशावर दाखवा, हा माणूस रोज तिकडे अभ्यासाला जायचा म्हणून. इथेच राहून त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहिला, त्यावर १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली. (सावरकर राहत होते ते हायगेटचं इंडिया हाउस, ६५ क्रॉमवेल ॲव्हेन्यू, वेगळ्या दिशेला आणि चढावर आहे. एखादी सकाळ मोकळी निघाली तर बाबांना घेऊन तेवढं स्वतंत्र जा. तिथेही पाटीच पाहता येते, घर खाजगी आहे.)

घरातून निघालात की पाच-सात मिनिटांवर प्रिमरोज हिल. सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो, म्हणून साडेसहाला तिथे पोचा. आईंना माथ्यापर्यंत चढवू नका, खालच्या वाटेवर बाक आहेत, आणि थोडं वर गेलं तरी झाडांवरून शहर दिसायला लागतं. गवतावर टाकायला एक चादर आणि उरलेल्या दशम्या बरोबर ठेवा. लेकीला विचारा, चार दिवसांत पाहिलेल्यांपैकी काय काय ओळखू येतंय. सेंट पॉल्सचा घुमट ती बहुतेक पहिला शोधेल.